घरातल्या चौघांपैकी आधी कुणाचे दात?

बार्शी तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र थोडं आटोपशीर करून देते आहे.

"डॉक्टर, नमस्कार. घरात आम्ही चौघं. मिस्टरांचा टेम्पो आहे, मी शिवणकाम करते. मुलगा साडेसहा वर्षांचा, पहिलीत आहे. गेल्या महिन्यात त्याची दाढ दुखायला लागली म्हणून बार्शीला दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. सोबत सासूबाईंना नेलं आणि मीही दाखवून घेतलं. मुलाची खालची एक दाढ पार किडली आहे, तिचं रूट कॅनॉलसारखं काहीतरी करून वर स्टीलची टोपी बसवायची म्हणाले. तिच्या मागच्या दाढेवरही काळं दिसतंय, तिथं सिमेंट भरायचं. सासूबाई म्हणतात, दुधाचे दात पडणारच आहेत, त्यांच्यावर पैसे कशाला घालायचे? सासूबाईंचं वय ६२, आठ वर्षांपासून शुगर आहे. खालचे पुढचे तीन दात हलतात, हिरड्या सुजतात. डॉक्टरांनी दात साफ करायला सांगितलं, पण त्या तयार नाहीत. शेजारच्या बाईंचे दात साफ केल्यावर हलायला लागले म्हणे. त्या सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात. माझी खालची दाढ तीन आठवडे रात्री ठणकायची. आता आपोआप थांबली आहे, तरी डॉक्टर रूट कॅनॉल करा म्हणतात. त्यानं डोळ्यांवर परिणाम होतो असं ऐकलंय. सगळ्यांचा मिळून खर्च चाळीस हजारांच्या घरात जातो. एकदम एवढं शक्य नाही. आधी कुणाचं करू? मला वाटतं, सासूबाईंची कवळी आधी, मग मुलाचं. माझं राहू दे. मिस्टरांच्या दातांना काही त्रास नाही. सुपारी-तंबाखूचा मावा खातात, तिखट खाल्लं की तोंडाची आग होते, आणि हल्ली पाणीपुरी तोंडात जात नाही म्हणून हसतात, बाकी काही दुखत नाही."

ताई, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी सगळ्यात आधी घेते. तुमच्या घरात पहिल्यांदा तपासायला हवं ते तुमच्या मिस्टरांचं तोंड, आणि नेमके तेच तुमच्या यादीत नाहीत.

तिखटानं आग होणं आणि तोंड पूर्वीसारखं न उघडणं, ही दोन लक्षणं मावा खाणाऱ्या माणसात एकत्र दिसली की आम्ही दातांकडे नंतर बघतो. सुपारीमुळे गालाच्या आतली मऊ त्वचा हळूहळू कडक होत जाते, तिच्याखाली दोरीसारखे घट्ट पट्टे तयार होतात. गालाच्या आतून बोट फिरवलं तर ते हाताला लागतात. त्वचा पांढुरकी, फिकट दिसायला लागते. याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. हा कर्करोग नाही, पण पुढे त्यातून कर्करोग होऊ शकतो. आणि यात कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं दात किंवा गाल दुखतच नाही. त्यामुळे "काही दुखत नाही" यावर विसंबून राहू नका.

आज रात्री जेवणानंतर एक करून बघा. त्यांना स्वतःच्या हाताची तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, एकमेकांना चिकटवून उभी धरायला सांगा आणि वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घालायला सांगा. निरोगी तोंडात ती साधारण जातात. दोनच जात असतील तर या आठवड्यातच दाखवायला जा. तीनही गेली तरी आग होते म्हणून तपासणी करायचीच, फक्त घाबरून जाऊ नका. मोबाइलची बॅटरी लावून दोन्ही गालांच्या आत, जिभेच्या दोन्ही कडांना, जिभेखाली आणि मावा ठेवतात त्या खाचेत बघा. पुसून न निघणारा पांढरा डाग, लाल मखमली चट्टा, गाठ, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर एक दिवसही थांबू नका.

तुमच्या जवळच यासाठी चांगली सोय आहे. बार्शीत नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीतूनच सुरू झाली, म्हणजे तुमच्या भागात हे काम जवळजवळ चाळीस वर्षांपासून चालू आहे. तोंड तपासायला कर्करोग झालेला असावा लागत नाही. त्या नावाच्या दवाखान्याची पायरी चढायची मिस्टरांची तयारी नसेल, तर तुमच्याच दातांच्या डॉक्टरांकडे न्या. तोंड किती उघडतं ते मोजपट्टीनं मोजून मिलिमीटरमध्ये कागदावर लिहून घ्या, म्हणजे तीन महिन्यांनी पुन्हा मोजल्यावर फरक कळेल. या तपासणीला फारसा खर्च येत नाही.

मावा सोडवणं अवघड आहे, हे मला माहीत आहे. टेम्पोवर रात्र काढणाऱ्या माणसाला तो झोप उडवायला लागतो. पण "तंबाखू बंद केला, आता साधी सुपारी खातो" ही तडजोड मान्य करू नका. तोंड आखडतं ते सुपारीनंच, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं तंबाखूशिवायच्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं आहे. सोडण्यासाठी सरकारची मोफत फोनसेवा आहे, १८००-११-२३५६. तिथे समुपदेशक बोलतात, तारीख ठरवून देतात आणि नंतर स्वतः फोन करून चौकशीही करतात. त्यांना बायकोनं दहा वेळा सांगण्यापेक्षा तो एक फोन जास्त उपयोगी पडू शकतो. आखडलेलं तोंड पूर्ण पूर्ववत होईल असं वचन कुणी देऊ शकत नाही. सुपारी थांबली, तोंड उघडण्याचे व्यायाम आणि औषधं सुरू झाली, तर पुढचं आखडणं बऱ्याचदा थांबतं.

आता मुलाचं. सासूबाईंचं म्हणणं पुष्कळ घरांत ऐकू येतं आणि पुढच्या दातांपुरतं ते थोडंफार खरंही आहे. साडेसहाव्या वर्षी खालचे पुढचे दात पडायला लागलेलेच असतात. दाढांचं तसं नाही. दुधाच्या दाढा दहा ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात. म्हणजे तुमच्या मुलाला ती दाढ अजून चार-पाच वर्षं चावायला लागणार आहे, आणि तिच्या खाली तयार होणाऱ्या कायमच्या दाताची जागाही तीच राखून ठेवते. ती आत्ता काढली, तर मागची दाढ पुढे सरकते, खालून येणाऱ्या दाताला वाट उरत नाही आणि तो वाकडा किंवा आतल्या बाजूनं येतो. मग बाराव्या-तेराव्या वर्षी तारा लावायची वेळ येते, तिचा खर्च आजच्या टोपीच्या कितीतरी पट असतो. दाढ काढावीच लागली, तर जागा धरून ठेवणारी छोटी तार बसवतात, तिला स्पेस मेंटेनर म्हणतात. तेवढं आठवणीनं विचारा.

"रूट कॅनॉलसारखं काहीतरी" म्हणजे काय तेही सांगते. कीड दाढेतल्या नसेच्या वरच्या भागापर्यंतच पोचली असेल, तर तेवढाच भाग काढून वर औषध ठेवतात. पूर्ण नस सडली असेल, तर मुळांपर्यंत साफ करून, मुळांबरोबर आपोआप विरघळत जाईल असं औषध भरतात. दोन्हींत वर स्टीलची टोपी बसते, कारण एवढ्या पोखरलेल्या दुधाच्या दाढेत नुसतं सिमेंट टिकत नाही. ती टोपी दाढेबरोबरच पडते. दिसायला चांदीसारखी चमकते म्हणून मुलं काही दिवस वर्गात दाखवत फिरतात, मग विसरून जातात.

मला जास्त काळजी आहे ती त्या मागच्या दाढेची, जिथं "काळं दिसतंय". ती बहुधा दुधाची नाही. दुधाच्या दाढा प्रत्येक बाजूला दोनच असतात, वीस दातांत सगळं येतं. सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे, कुठलाही दात न पडता, हळूच एक नवी दाढ उगवते. ती पहिली कायमची दाढ. कुठलाच दात पडलेला नसल्यामुळे आईवडिलांच्या ते लक्षातच येत नाही, तीही दुधाचीच समजली जाते आणि आठव्या-नवव्या वर्षी पोखरून निघते. ही दाढ पुन्हा येणार नाही. तिच्यावर आत्ता छोटं सिमेंट भरलं तर अर्ध्या तासाचं आणि कमी खर्चाचं काम आहे. म्हणून मुलाचं करायला गेलात की पैसे थोडेच असले तरी त्या मागच्या दाढेचं काम त्या दिवशी करूनच या. बाकीच्या तीन कोपऱ्यांतही तशा दाढा आल्या असतील. त्यांच्या वरच्या खोल खाचा कीड लागण्याआधीच पातळ थरानं बुजवून घेता येतात, त्याला सीलंट म्हणतात. त्यात खोदकाम नाही, सुई नाही, मूल रडत नाही. माझ्या मते मुलांच्या दातांवर खर्च करण्याच्या गोष्टींत एवढी फायद्याची दुसरी नाही, आणि आपल्याकडे ती फार कमी लोक मागतात.

शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मुलांची तपासणी करायला येतं. त्यात दातही बघतात. त्या दिवशी मुलाला सुट्टी घेऊ देऊ नका.

घरी काय करायचं, ते या सगळ्याहून महत्त्वाचं आहे, नाहीतर टोपी बसवूनही वर्षभरात दुसरी दाढ घेऊन याल. रात्री झोपताना तो दूध-साखर किंवा बिस्किटं घेतो का? बहुतेक घेत असेल. झोपेत लाळ कमी सुटते, तोंड धुतलं जात नाही, आणि जंतू त्या साखरेचं आम्ल करत बसतात. दुधानंतर ब्रश, आणि ब्रशनंतर फक्त पाणी, एवढा एक नियम घरात लावा. साखर किती खाल्ली यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ली, यावर दात जास्त किडतात. प्रत्येक वेळी खाल्ल्यावर अर्धा-पाऊण तास तोंडात आम्ल राहतं. त्यामुळे गोड जेवणाबरोबर एकदाच द्या, दिवसभर थोडं थोडं नको. गूळ, मध, चिक्की, खजूर पौष्टिक असतील, पण दातांना चिकटणाऱ्या साखरेत त्यांचीही गणना होते.

ब्रश तुम्ही करायचा, त्यानं नाही, निदान आठव्या वर्षापर्यंत. त्याला तुमच्यासमोर पाठमोरा उभा करा, डोकं तुमच्या पोटाला टेकवा, डाव्या हातानं गाल बाजूला करा, म्हणजे मागच्या दाढा दिसतात. पेस्ट वाटाण्याएवढी. ट्यूबवर फ्लोराइड १००० पीपीएम असं छापलेलं बघून घ्या. मुलांच्या गोड चवीच्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड खूप कमी असतं किंवा नसतंच. घासून झाल्यावर थुंकायचं, पण खळखळून चूळ भरायची नाही. पेस्टचा थोडा अंश दातांवर राहिला तरच तिचा उपयोग होतो. (यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं आणि मुलांच्या दातांवर तपकिरी डाग येतात. तिथल्या वाचकांनी आधी पाण्याची तपासणी करून घ्यावी आणि पेस्टबद्दल डॉक्टरांना विचारावं.)

आणि ताई, गावात कुणी "दाताची कीड काढून देतो" म्हणत आलं, तर मुलाला त्यांच्यापुढे बसवू नका. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन पाण्यात बारीक पांढऱ्या अळ्या पडलेल्या दाखवतात. त्या अळ्या नसतात, बियांतलेच कण असतात. दात किडतो तो डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंनी. धुरीनं काही काळ बधिर वाटतं, तेवढ्यात कीड आणखी खोल जाते.

आता तुमची दाढ. "माझं राहू दे" हे मला मान्य नाही.

तीन आठवडे रात्री ठणकणारी दाढ आपोआप शांत झाली, याचा अर्थ ती बरी झाली असा नाही. आतली नस जिवंत असेपर्यंत ती सुजते, आणि दाताच्या कडक भिंतींमुळे सूज पसरायला जागा नसते, म्हणून तो असह्य ठणका. आडवं झाल्यावर तो वाढतो म्हणून रात्रीचा. नस मेली की ठणका थांबतो. पण मेलेली नस आत सडत राहते, जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरतात आणि तिथं पू साठतो. काही महिन्यांनी हिरडीवर पुळी येते, फुटते, परत येते, किंवा एका सकाळी गाल टम्म सुजलेला असतो. तुमच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघूनच सांगितलं असणार. नसेल काढला, तर आधी तो मागा आणि मुळाच्या टोकाशी काळी सावली आहे का, ते दाखवायला सांगा. आता तुम्हाला ती ओळखता येईल.

रूट कॅनॉलमध्ये दाढेला भूल देऊन वरून छोटं दार करतात, आतली सडलेली नस काढतात. खालच्या दाढेत बहुधा तीन, कधी चार नळ्या असतात. केसासारख्या बारीक फाइलींनी त्या टोकापर्यंत साफ करतात, औषधानं धुतात आणि गुट्टा-पर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थानं भरून टाकतात. एक ते तीन बैठका लागतात. भूल नीट चढली असेल तर दुखत नाही. नंतर दोन-चार दिवस चावताना हुळहुळतं, ते नेहमीचं आहे.

डोळ्यांचं म्हणाल, तर खालच्या दाढेची नस आणि दृष्टीची नस यांचा काडीचाही संबंध नाही. दृष्टीची नस डोळ्यामागून थेट मेंदूत जाते. दातांना संवेदना देणारी नस वेगळी, तिच्या तीन शाखा. खालच्या दातांची शाखा जबड्यातून येते, डोळ्याभोवतीची शाखा निराळी आहे. कधी दाताचं दुखणं कपाळात, कानात, डोळ्यामागे जाणवतं, कारण त्या तिन्ही शाखा पुढे एकत्र मिळतात. त्या जाणिवेतूनच हा समज पसरला असावा. रूट कॅनॉल करून किंवा दात काढून कुणाची नजर कमी होत नाही. उलट दातातला पू तसाच ठेवणं अंगलट येतं.

एक सावधगिरी मात्र घ्या. रूट कॅनॉल झालेल्या दाढेवर कॅप बसवायचीच. त्या दाढेचा बराच भाग किडीत आणि साफ करण्यात गेलेला असतो. वर कॅप नसेल तर एखाद्या दिवशी भाकरीचा कडक पापुद्रा किंवा भाजलेला हरभरा चावताना ती उभी चिरते, मग ती काढण्यावाचून इलाज नसतो, आणि केलेला सगळा खर्च वाया. आधी रूट कॅनॉल करून पैशांची सोय होईपर्यंत महिनाभर थांबलात तर चालतं, तोवर त्या बाजूनं चावू नका. वर्षभर थांबणं चालत नाही. कॅप साध्या धातूची घेतली तरी मागच्या दाढेला उत्तम चालते आणि स्वस्त पडते. दातासारख्या पांढऱ्या झिर्कोनियाच्या कॅपचा आग्रह कुणी धरला, तर "मागं दिसतं कुणाला?" असं बिनधास्त विचारा.

रूट कॅनॉल आणि कॅपचा खर्च अजिबात झेपणार नसेल, तर दाढ काढून टाकणं हाही एक रास्त उपचार आहे, त्यात कमीपणा नाही. पू आत ठेवण्यापेक्षा तो केव्हाही बरा. फक्त एवढं लक्षात ठेवा की मोकळ्या जागेकडे शेजारचा दात कलतो, वरची दाढ खाली उतरते, आणि मग पुढे तिथं ब्रिज किंवा इम्प्लांट, म्हणजे नवा कृत्रिम दात, लावायचा तर खर्च आजच्यापेक्षा जास्त होतो. माझा कल दाढ वाचवण्याकडेच आहे, कारण तुम्हाला तिची आणखी तीस-चाळीस वर्षं गरज आहे. तोवर मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांवर दिवस काढू नका. नसेला रक्तपुरवठाच उरलेला नाही, त्यामुळे औषध तिथं पोचत नाही. दाढेवर तंबाखू, चुना किंवा गोळीची पूड दाबून ठेवण्यानं गाल भाजतो. लवंगेच्या तेलाचा बोळा तेवढा रात्र काढायला चालेल.

सासूबाईंबद्दल तुमचा क्रम मी उलटा करते आहे, याचं त्यांना वाईट वाटू नये. कवळी शेवटीच करायची असते, वय मोठं म्हणून आधी नाही. हिरड्या सुजलेल्या असताना कवळी केली, की सूज उतरल्यावर ती ढिली होते. दात काढल्यावरही पहिले काही महिने हाड झिजून आकार बदलतो. त्यामुळे घाईनं केलेली कवळी सहा महिन्यांत डब्यात जाऊन पडते आणि पैसे वाया गेले म्हणून चरफड होते.

त्यांच्या हिरड्यांचं मूळ आहे दातांच्या बुडाशी साठलेला दगडासारखा थर, टार्टर. तो हिरडीच्या आत शिरत जातो आणि दात धरून ठेवणारं हाड आटवत जातो. खांबाभोवतीची माती वाहून जावी तसं होतं. वरून खांब उभा दिसतो, पण कुठल्याही धक्क्यानं हलतो. शेजारच्या बाईंचे दात साफसफाईनं हलले नाहीत. हाड आधीच गेलेलं होतं, त्या दगडी थरानं दात एकमेकांना जखडून ठेवले होते, थर निघाला आणि खरी अवस्था दिसली. साफ केल्यावर चार-आठ दिवस थंड पाणी झोंबतं, दातांत फटी जाणवतात, तेही थर निघाल्यामुळेच. सूज उतरली की बऱ्याचदा हलणं थोडं कमी होतं. त्यांच्या तीन दातांतला एखादा असा वाचेलही.

आणि यात शुगरचा दुहेरी संबंध आहे. शुगर वाढलेली असली की हिरड्यांतला संसर्ग बळावतो, आणि हिरड्यांत संसर्ग असला की शुगर ताब्यात येत नाही. त्यांची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी चाचणी झाली नसेल, तर दंतवैद्यांकडे जाण्याआधी ती करून घ्या आणि रिपोर्ट सोबत न्या. दात काढायच्या दिवशी त्यांना उपाशी नेऊ नका. सकाळी नाश्ता आणि शुगरची गोळी घेऊनच जायचं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, स्वतःच्या मनानं बंद करू नका. हिरड्यांच्या खालची सफाई दोन-तीन बैठकांत होते, त्यामुळे खर्चही टप्प्याटप्प्यानं येतो.

राहिली मिश्री. त्यांना ती तोंड स्वच्छ करण्याची गोष्ट वाटते, आणि त्यात त्यांचा दोष नाही, पिढ्यान् पिढ्या बायकांनी तेच बघितलं आहे. पण तव्यावर भाजलेला तो तंबाखूच आहे. दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला सरकारनं १९९२ मध्ये बंदी घातली. घरी भाजलेल्या मिश्रीवर मात्र कुणाचं लक्ष नसतं. तंबाखूनं हिरड्यांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आजार आत वाढत असतानाही रक्त कमी येतं आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. सोडताना त्या बहुतेक म्हणतील, मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. ही तक्रार खरी असते, निकोटिनची सवय सुटताना असं होतं. आधी संध्याकाळची वेळ सोडा, मग सकाळची. उठल्याबरोबर कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, थोडं चालणं, यानं काही आठवड्यांत पोटाचं बसतं. तीच फोनसेवा त्यांच्यासाठीही आहे. आणि त्यांच्या जागी मऊ ब्रश ठेवा. राखुंडी आणि मीठ घासून दातांच्या बुडाशी खाचा पडतात.

तर पैशांची मांडणी मी अशी करेन. या आठवड्यात मिस्टरांची तपासणी आणि घरातला रात्रीचा ब्रश. पहिले पैसे हातात आले की मुलाची मागची कायमची दाढ आणि पुढची दुधाची, दोन्ही एकाच वेळी. त्याच महिन्यात तुमची दाढ निदान उघडून साफ तरी करून घ्या, पुढच्या महिन्यात कॅप. सासूबाईंची चाचणी लगेच, सफाई त्याच्या मागोमाग, आणि कवळीचा विचार हिरड्या बऱ्या झाल्यावर. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की एवढं एकदम जमणार नाही, टप्पे करून द्या. बहुतेक दंतवैद्य देतात. सोलापुरात दंत महाविद्यालय आहे, तिथं विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. फेऱ्या जास्त होतात, वेळ जातो, पण दर बाहेरच्यापेक्षा बरेच कमी असतात. सासूबाईंची सफाई आणि कवळी तिथं करायला हरकत नाही. मुलाला मात्र जवळच्या, त्याला ओळखीच्या झालेल्या डॉक्टरांकडेच ठेवा.

यातलं काहीही ठरेपर्यंत एक गोष्ट थांबू शकत नाही. चौघांपैकी कुणाच्याही दातामुळे गाल किंवा हनुवटीखाली सूज आली आणि सोबत ताप, गिळायला त्रास, श्वास लागणं किंवा जीभ वर उचलल्यासारखं वाटणं यांपैकी काही दिसलं, तर शेक देऊ नका, सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात न्या.